मार्टिनस बायरिंक: तंबाखूच्या पानातून विषाणू ओळखणारे शास्त्रज्ञ

मिरचीवर चुरडा-मुरडा आला, पपईच्या पानांवर मोझॅक दिसला किंवा सोयाबीन पिवळे पडू लागले की शेतकऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, कोणते औषध फवारायचे? विषाणूला मारणारे फवारणीचे औषध नाही, हे उत्तर अनेकांना पटत नाही. मग बुरशीनाशक, प्रतिजैविक, टॉनिक असे एकामागून एक फवारे होतात. खर्च वाढतो आणि रोग पसरतच राहतो. हे उत्तर असेच का आहे, ते समजून घ्यायचे तर सव्वाशे वर्षांपूर्वी नेदरलँडमध्ये तंबाखूच्या रोपांवर झालेले प्रयोग पाहावे लागतात. ते प्रयोग करणारे मार्टिनस बायरिंक. आपण बियाण्याला लावतो त्या रायझोबियमचा जिवाणूही प्रथम वेगळा काढला तो त्यांनीच. त्यांच्या आयुष्याची आणि कामाची ही ओळख.

तंबाखू व्यापाऱ्याच्या घरी जन्म

मार्टिनस विलेम बायरिंक यांचा जन्म १६ मार्च १८५१ रोजी अ‍ॅमस्टरडॅम येथे झाला. वडील तंबाखूचे व्यापारी होते. मुलगा लहान असतानाच धंदा बुडाला. कुटुंबाला अ‍ॅमस्टरडॅम सोडावे लागले आणि पुढे वडिलांनी रेल्वे कंपनीत कारकुनी पत्करली. घरची ओढाताण असल्याने मार्टिनस यांचे सुरुवातीचे शिक्षण वडिलांनी घरीच केले. शाळेत ते उशिरा गेले. तिथे एका शिक्षकामुळे वनस्पतींची आवड लागली आणि रानोमाळ हिंडून झाडे गोळा करणे, त्यांची नावे शोधणे हा छंद जडला.

विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकावे अशी त्यांची इच्छा होती, पण पैसा नव्हता. नातेवाइकांच्या मदतीने ते डेल्फ्ट येथील पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाले आणि १८७२ मध्ये रसायन अभियंता झाले. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक पुढे ज्यांना मिळाले, ते व्हान्ट हॉफ तिथे त्यांच्याबरोबर शिकत होते. रसायनशास्त्राची ही बैठक बायरिंक यांना आयुष्यभर उपयोगी पडली. रोगाकडे पाहताना कोणता जंतू दिसतो एवढ्यावर ते थांबत नसत. आत कोणती क्रिया चालू आहे, हा प्रश्न ते विचारत.

कृषी शाळेतील शिक्षक

पोटासाठी त्यांनी शिक्षकी पत्करली. वारफुम या गावातील कृषी शाळेत, नंतर उत्रेख्त येथे शिकवले आणि १८७६ मध्ये ते वॅगेनिंगेन येथील कृषी शाळेत आले. आज शेती संशोधनासाठी जगभर नावाजलेले वॅगेनिंगेन विद्यापीठ याच शाळेतून वाढले. नोकरी करत असतानाच त्यांनी लायडन विद्यापीठातून १८७७ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

डॉक्टरेटचा विषय होता कीटकांमुळे वनस्पतींवर येणारे फुगवटे. आंब्याच्या पानावर मिजमाशीमुळे येणाऱ्या गाठी आपण पाहतो, त्यातलाच हा प्रकार. कीटक पानात अंडी घालतो आणि पानाच्या पेशी नेहमीची वाढ सोडून वेगळ्याच आकाराची गाठ तयार करतात. वाढत्या कोवळ्या पेशींच्या कारभारात बाहेरून आलेली एखादी गोष्ट ढवळाढवळ करू शकते आणि गाठ बनवण्याचे काम मात्र झाडाच्याच पेशी करतात, ही बाब बायरिंक यांनी इथे जवळून पाहिली. तंबाखूच्या रोगाचा उलगडा करताना ती त्यांच्या कामी आली.

मोझॅकचे कोडे आणि पहिले अपयश

त्या काळी वॅगेनिंगेनच्या आसपास तंबाखूचे पीक मोठ्या प्रमाणात घेतले जाई. या पिकावर एक रोग येत असे. पानांवर फिकट आणि गडद हिरव्या रंगाचे ठिपके-चट्टे दिसत, पान सुरकुतत असे, वाढ खुंटत असे आणि पानाची प्रत घसरत असे. वॅगेनिंगेनच्या कृषी प्रयोग केंद्राचे प्रमुख अ‍ॅडॉल्फ मायर यांनी १८७९ पासून त्याचा अभ्यास सुरू केला आणि १८८६ मध्ये सविस्तर लेख प्रसिद्ध केला. रोगाला मोझॅक हे नाव त्यांनीच दिले.

मायर यांनी माती तपासली, खते तपासली, तापमान आणि प्रकाश तपासला. कशातही कारण सापडले नाही. मग त्यांनी रोगट पानांचा रस काढून तो बारीक काचनळीने निरोगी झाडाच्या पानात सोडला. बहुतेक झाडांवर रोग आला. म्हणजे हा अन्नद्रव्याच्या कमतरतेचा प्रकार नव्हता, रोग संसर्गजन्य होता. पण संसर्ग कशाचा?

तो काळ जिवाणूंच्या शोधांचा होता. पाश्चर आणि कॉख यांच्या कामामुळे प्रत्येक संसर्गामागे एक जंतू असतो, तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो आणि प्रयोगशाळेत वाढवता येतो, असा पक्का समज झाला होता. मायर यांनी बायरिंक यांना रोगट पानात जंतू शोधण्यास सांगितले. बायरिंक यांनी शोधले, पण काही सापडले नाही. जिवाणूशास्त्राचे आपले ज्ञान अपुरे आहे म्हणून सापडत नसेल, असे त्यांना वाटले. मायर यांनी हा रोग जिवाणूमुळे होत असावा असा निष्कर्ष काढला. बायरिंक यांनी निष्कर्ष काढला नाही. त्यांनी जिवाणूशास्त्र नीट शिकायचे ठरवले.

यीस्टच्या कारखान्यात: रायझोबियमचा शोध

१८८५ मध्ये ते डेल्फ्टमधील यीस्ट आणि अल्कोहोलच्या कारखान्यात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. कारखान्याचे प्रमुख फान मार्केन यांनी त्यांना सुसज्ज प्रयोगशाळा दिली. काम सुरू करण्यापूर्वी बायरिंक यांनी युरोपातील नामांकित प्रयोगशाळांमध्ये जाऊन जिवाणू आणि यीस्ट शुद्ध स्वरूपात कसे वाढवायचे हे शिकून घेतले. कारखान्याच्या कामात त्यांचे मन फारसे रमले नाही. मात्र इथेच त्यांनी शेतीच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा एक शोध लावला.

द्विदल पिकांमुळे जमीन सुधारते, हे शेतकऱ्यांना पिढ्यानपिढ्या माहीत होते. १८८६ मध्ये जर्मनीतील हेलरिगेल आणि विलफार्थ यांनी दाखवून दिले की द्विदल पिके हवेतील नत्र वापरतात आणि त्याचा संबंध मुळांवरील गाठींशी आहे. गाठीत नेमके काय आहे, हे मात्र निश्चित नव्हते. बायरिंक यांनी गाठी बाहेरून निर्जंतुक केल्या आणि आतील भाग जिलेटिनवर वाढवला. त्या जिलेटिनमध्ये त्यांनी वाटाण्याच्या झाडाचा अर्क आणि थोडी साखर घातली होती. जिवाणूला नेहमी मिळते त्यासारखेच अन्न त्यांनी त्याला दिले. गाठीतील जिवाणू शुद्ध स्वरूपात वाढला. १८८८ मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केले आणि लवकरच अशा शुद्ध जिवाणूपासून द्विदल झाडाच्या मुळांवर गाठी तयार करूनही दाखवल्या. त्यांनी त्याला बॅसिलस रॅडिसिकोला असे नाव दिले होते. आज आपण त्याला रायझोबियम म्हणतो. सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या बियाण्याला लावण्याचे पाकीट याच कामातून पुढे आले.

म्हणजे आता त्यांच्या हाती जिवाणू वाढवण्याचे उत्तम कसब आले होते. या काळात त्यांनी तंबाखूच्या मोझॅकचा जंतू पुन्हा शोधून पाहिला. पुन्हा काहीच सापडले नाही. पहिल्या वेळी आपली माहिती अपुरी होती असे म्हणता येत होते. मुळाच्या गाठीतून जिवाणू वेगळा काढणाऱ्या माणसाला आता तसे म्हणता येत नव्हते.

१८९८ चे प्रयोग

१८९५ मध्ये बायरिंक डेल्फ्ट पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक झाले. १८९७ मध्ये त्यांच्यासाठी नवी प्रयोगशाळा उभी राहिली आणि तिला जोडून हरितगृह होते. आता तंबाखूची रोपे हवी तेव्हा वाढवता येत होती. तिसऱ्यांदा त्यांनी तोच प्रश्न हाती घेतला, पण विचारण्याची रीत बदलली. जंतू कसा दिसतो हे शोधण्याऐवजी, रोग घडवणारी ही गोष्ट कशी वागते, याची तपासणी त्यांनी सुरू केली.

पहिला प्रयोग गाळणीचा. पाश्चर यांचे सहकारी शांबरलँ यांनी चिनी मातीची एक गाळणी तयार केली होती. तिची छिद्रे इतकी बारीक की जिवाणू त्यात अडकतात. बायरिंक यांनी रोगट पानांचा रस या गाळणीतून गाळला. खाली उतरलेल्या रसात जिवाणू नव्हते. तो रस वाढीच्या माध्यमावर ठेवला तरी काही वाढले नाही. तरीही त्या रसाने निरोगी झाडांवर रोग आला.

दुसरा प्रश्न असा, की हे एखादे विष तर नसेल? विषही गाळणीतून पार होते. पण विष पातळ करत गेले की त्याचा परिणाम कमी होत जातो. बायरिंक यांनी रसाचा लहानसा थेंब एका झाडात सोडला. ते झाड रोगट झाल्यावर त्याचा रस दुसऱ्या झाडाला दिला, त्याचा तिसऱ्याला. रोगाचा जोर कमी झाला नाही. अगदी थोड्या रसाने कितीतरी पाने रोगट झाली. याचा अर्थ ती गोष्ट झाडात गेल्यावर वाढत होती. विष वाढत नाही.

तिसरा प्रश्न, ती वाढते कुठे? बाटलीत ठेवलेल्या रसात ती वाढत नव्हती. पूर्ण वाढलेल्या जुन्या पानात रस सोडला तर त्या पानावर रोगाची लक्षणे येत नव्हती. शेंड्याकडील कोवळ्या, पेशींचे विभाजन चालू असलेल्या भागातच रोग दिसत होता. रस खोडात सोडल्यानंतर लक्षणे दिसायला दोन-तीन आठवडे जात. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की ही गोष्ट जिवंत, वाढत्या पेशीतच वाढते. ती त्या पेशीच्या कारभारात शिरते आणि पेशीकडूनच आपली वाढ करून घेते.

चौथा प्रयोग आगर या जेलीसारख्या माध्यमावर. रोगट रस आगरच्या थरावर ठेवून काही दिवसांनी त्यांनी वरचा थर काढून टाकला आणि आतील थर तपासला. त्या आतील थरानेही रोग झाला. घन कण आगरमध्ये इतके खोल उतरणार नाहीत, म्हणून ही गोष्ट द्रवरूप असली पाहिजे, असे त्यांना वाटले.

याशिवाय त्यांनी शेतकऱ्यांच्या कामाच्या काही नोंदी केल्या. रोगट पान वाळवले तरी त्यातील संसर्ग टिकून राहतो. रस उकळला की संसर्ग नाहीसा होतो. रोगट झाडाच्या मातीतून मुळांवाटेही नव्या झाडाला रोग लागू शकतो.

१८९८ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष नेदरलँडच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. या गोष्टीला त्यांनी जिवंत द्रवरूप संसर्ग या अर्थाचे लॅटिन नाव दिले आणि लेखात तिला व्हायरस म्हटले. हा शब्द जुना होता. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ विष, आणि कोणत्याही रोगकारक द्रव्यासाठी तो वापरला जाई. बायरिंक यांच्यानंतर त्याला हळूहळू आजचा नेमका अर्थ आला.

श्रेय आणि चूक

या शोधात ते एकटे नव्हते. रशियातील दिमित्री इवानोवस्की यांनी १८९२ मध्येच दाखवले होते की मोझॅकचा रस शांबरलँ गाळणीतून गेल्यावरही रोग करतो. त्यांना मात्र वाटले की गाळणीत दोष असावा, किंवा जिवाणूचे विष खाली उतरत असावे. बायरिंक यांना हे काम माहीत नव्हते. इवानोवस्की यांनी ते निदर्शनास आणताच बायरिंक यांनी गाळणीच्या प्रयोगाचे पहिलेपण त्यांचेच असल्याचे मान्य केले. प्रयोग दोघांचा सारखा होता. त्याचा अर्थ मात्र बायरिंक यांनी वेगळा लावला आणि तोच पुढे टिकला.

त्याच १८९८ साली जर्मनीत लोफ्लर आणि फ्रॉश यांना जनावरांच्या लाळ्या खुरकूत रोगाबाबत असाच अनुभव आला. रोगट जनावराच्या फोडातील द्रव गाळणीतून गाळूनही वासरांना रोग झाला. म्हणजे एकाच वर्षी पिकांचा एक आणि जनावरांचा एक, असे दोन विषाणूजन्य रोग नीट ओळखले गेले. १९०१ मध्ये वॉल्टर रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्युबामध्ये पीतज्वराचे कारणही गाळणीतून पार होते हे दाखवले. माणसात विषाणूमुळे होणारा सिद्ध झालेला हा पहिला रोग.

द्रवरूपाबाबत बायरिंक चुकले होते. लोफ्लर यांचे मत होते की हा अतिशय सूक्ष्म कण आहे आणि त्यांचे म्हणणे खरे ठरले. १९३५ मध्ये अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ली यांनी तंबाखू मोझॅकच्या विषाणूचे स्फटिक मिळवले. पुढच्याच वर्षी बॉडेन आणि पिरी यांनी त्यात प्रथिनाबरोबर आरएनएही असल्याचे दाखवले. १९३९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे काडीसारखे कण दिसले. ते पाहायला बायरिंक हयात नव्हते. पण त्यांचा दुसरा निष्कर्ष, म्हणजे विषाणू फक्त जिवंत पेशीत आणि त्या पेशीच्या यंत्रणेवरच वाढतो, हा आजही विषाणूशास्त्राचा पाया आहे.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर याच निष्कर्षात आहे. बुरशी आणि जिवाणू यांचे स्वतःचे शरीर आणि स्वतःचा कारभार असतो, म्हणून औषधाने त्यावर घाव घालता येतो. विषाणूचे काम झाडाच्या पेशीकडूनच होते. त्याला थांबवायला जावे तर झाडाची पेशीच बंद पडते. म्हणून शेतात फवारून रोगट झाड बरे करणारे विषाणूनाशक आपल्याकडे नाही.

अझोटोबॅक्टर आणि पुढचे काम

विषाणूवर बायरिंक यांनी पुढे फारसे काम केले नाही. ते पुन्हा मातीकडे वळले. मातीत असंख्य जिवाणू एकत्र असतात. त्यातून हवा तो जिवाणू कसा वेगळा काढायचा? त्यांनी सोपी युक्ती वापरली. ज्या जिवाणूला हवेतील नत्र घेता येतो तो हवा असेल, तर माध्यमात नत्र घालायचाच नाही. बाकीचे उपाशी राहतात आणि हवा तोच वाढतो. या पद्धतीने १९०१ मध्ये त्यांनी अझोटोबॅक्टर शोधला. ज्वारी, गहू, कापूस अशा एकदल व इतर पिकांसाठी आपण जे जिवाणू संवर्धक वापरतो ते हेच. दही लावणाऱ्या जिवाणूंच्या गटाला लॅक्टोबॅसिलस हे नावही त्यांनीच १९०१ मध्ये दिले. आज अझोस्पिरिलम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिवाणूचे वर्णन त्यांनी १९२५ मध्ये, निवृत्तीनंतर केले.

कडक स्वभाव, एकाकी अखेर

बायरिंक यांचा स्वभाव सोपा नव्हता. विद्यार्थ्यांच्या चुका त्यांना सहन होत नसत आणि ते फार कठोर बोलत. त्यांनी लग्न केले नाही. संशोधकाने संसारात पडू नये असे त्यांचे मत होते आणि सहायकांच्या लग्नावरही ते नाराज होत. दोन बहिणी त्यांच्याबरोबर राहत. त्यातील हेन्रिएट या बहिणीने त्यांच्या व्याख्यानांसाठी मोठमोठी रंगीत चित्रे काढून दिली.

१९०५ मध्ये त्यांना सूक्ष्मजीवशास्त्रातील मानाचे लेवेनहूक पदक मिळाले. नोबेल मिळाले नाही. १९२१ मध्ये सत्तरी पूर्ण झाल्यावर नियमानुसार त्यांना निवृत्त व्हावे लागले. प्रयोगशाळा सोडणे त्यांच्या जिवावर आले होते. बहिणींसह ते खोर्सेल या खेड्यात राहायला गेले आणि बागेतील झाडांमध्ये रमले. १ जानेवारी १९३१ रोजी त्यांचे निधन झाले.

प्रयोगापासून निगराणीपर्यंत

विषाणू डोळ्यांना दिसत नाही आणि बाटलीतील साध्या माध्यमात वाढत नाही. मग तो आला आहे हे कळणार कसे? ज्याला तो होतो त्या झाडावर, जनावरावर किंवा माणसावर लक्ष ठेवून. बायरिंक यांना प्रत्येक प्रयोगाचा निकाल झाडाच्या शेंड्याने सांगितला. आज तपासणीची साधने कितीतरी पुढे गेली असली, तरी पहिली खूण अजून तिथूनच मिळते.

माणसांच्या रोगांचेही तसेच आहे. पुण्यात १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात जंगलात माकडे मरू लागली आणि त्या भागातील लोकांना तापाने गाठले. पुण्याच्या केंद्राने याचा तपास केला आणि गोचिडांमुळे पसरणारा क्यासनूर जंगल रोगाचा विषाणू सापडला. गेल्या दशकात हा रोग गोव्यात आणि सिंधुदुर्गातही आढळला आहे. जंगलालगत काजूच्या बागेत काम करणाऱ्यांना त्याचा धोका असतो. तिथे मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला किंवा वन विभागाला कळवणे, हीच निगराणीची पहिली पायरी. गोठ्यात लाळ गळणारे, लंगडणारे किंवा अंगावर गाठी आलेले जनावर दिसताच वेगळे बांधणे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवणे, हेही तेच काम. कळवायला उशीर झाला की रोग आजूबाजूच्या गोठ्यांत जातो.

आपल्या शेतात काय करावे

बायरिंक यांच्या प्रयोगांतून निघणाऱ्या आणि आजच्या शिफारशींत असलेल्या काही गोष्टी पुढीलप्रमाणे:

* शेंडा पाहा. विषाणूची लक्षणे नव्या कोवळ्या पानांवर आधी दिसतात. शेतात फेरी मारताना खालची पाने पाहून थांबू नका.

* कमतरता की रोग, ते ओळखा. अन्नद्रव्याची कमतरता असेल तर बहुधा पूर्ण पट्टा किंवा शेत सारखे पिवळे पडते. विषाणू रोगात सुरुवातीला अधूनमधून एखादेच झाड रोगट दिसते. तणनाशकाचा अंश उडून आल्यानेही पाने वेडीवाकडी होतात, त्याचीही खात्री करा. शंका असल्यास नमुना कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

* पहिली झाडे लगेच काढा. लक्षणे दिसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. एक झाड रोगट दिसते तेव्हा शेजारची काही झाडे वरून निरोगी दिसत असूनही बाधित झालेली असतात. म्हणून एकदा उपटून थांबू नका. पीक लहान असताना दर चार-पाच दिवसांनी फेरी करा. रोगट झाड पिशवीत घालून शेताबाहेर नेऊन नष्ट करा, बांधावर टाकू नका.

* रोपवाटिका जपा. कोवळ्या वयात लागलेला विषाणू सर्वाधिक नुकसान करतो. मिरची, टोमॅटो, पपईची रोपे कीटकरोधक जाळीत वाढवा. रोपे विकत घेताना जाळीत वाढवलेलीच घ्या.

* वाहक कीड रोखा. मिरचीचा चुरडा-मुरडा, भेंडीचा केवडा, सोयाबीन व मुगाचा पिवळा मोझॅक पांढऱ्या माशीमुळे पसरतात. पपईचा रिंगस्पॉट माव्यामुळे पसरतो. पिवळे चिकट सापळे लावा, पिकाभोवती मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी घ्या आणि कीटकनाशक गरजेनुसार, शिफारशीप्रमाणेच वापरा. फवारणीने नवीन झाडांना होणारी लागण कमी होते. लागण झालेले झाड त्याने बरे होत नाही.

* हात आणि अवजारे धुवा. तंबाखू मोझॅक आणि टोमॅटो मोझॅकचे विषाणू कीटकांची वाट पाहत नाहीत, ते हातांनी पसरतात. वाळलेल्या तंबाखूतही संसर्ग टिकतो, हे १८९८ पासून माहीत आहे. रोपवाटिकेत, तसेच टोमॅटोची बांधणी व छाटणी करताना तंबाखू मळू नका, विडी-सिगारेट ओढू नका. कामापूर्वी हात साबणाने धुवा. निरोगी ओळींत आधी काम करा, रोगट भागात शेवटी.

* रायझोबियम शेवटी लावा. बीजप्रक्रिया करताना आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वात शेवटी जिवाणू संवर्धक असा क्रम ठेवा. रायझोबियम पिकाच्या गटानुसार वेगवेगळे असते, त्यामुळे हरभऱ्याचे पाकीट सोयाबीनला चालत नाही. बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरा.

कृषी सहायक आणि विस्तार कार्यकर्त्यांनी रोगट झाडांची टक्केवारी, पिकाचे वय, जात आणि वाहक किडीची संख्या यांची नोंद प्रत्येक भेटीत ठेवावी. एका गावात रोगाची सुरुवात झाल्याचे वेळीच कळले, तर शेजारच्या गावांतील लागवडीची तारीख, रोपांची खरेदी आणि किडीचे नियंत्रण यांचा सल्ला आधीच देता येतो. रोग सगळीकडे पसरल्यावर मात्र सल्ला देण्यासारखे फारसे काही उरत नाही.